शुगरचा कागद आणि कॅन्सरची फाईल एकाच पिशवीत ठेवा



दसरा झाला. खाचरांतलं भात पिवळं पडलंय. कापणी-झोडणी उरकली की दिवाळी, आणि दिवाळी सरली की वाड्या रिकाम्या व्हायला लागतील. कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातील ती थेट पावसाच्या तोंडावर परततील. एकदा माणसं पांगली की त्यांना कुठे शोधायचं? म्हणून कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या सगळ्यांना हे आवाहन आत्ताच, घाईने करते आहे.

विषय दोन आजारांचा आहे, शुगर आणि कॅन्सर. दोन्हींची नावं आता पाड्यापाड्यावर माहीत झालीत. पण या दोघांचं एकमेकांशी काही नातं आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. शुगरचा डॉक्टर नेरळला नाहीतर खोपोलीत, कॅन्सरचा डॉक्टर परळच्या टाटा रुग्णालयात. गोळ्यांच्या चिठ्ठ्या घरातल्या डब्यात, ‘टाटा’ची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत. इकडच्या डॉक्टरला तिकडचं ठाऊक नसतं, तिकडच्याला इकडचं कोणी सांगत नाही. शरीर मात्र एकच असतं. रक्तातली साखर चढलेली असली की कॅन्सरचे उपचार अवघड होतात, जंतुसंसर्ग लवकर पकडतो, ऑपरेशनची जखम रेंगाळते. दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे: कॅन्सरची उघड दिसणारी लक्षणं ‘शुगरमुळे होतंय’ म्हणून झाकली जातात. मी आरोग्यसेविका म्हणून याच भागात नोकरी केली, आणि हे झाकलं जाणं मला सगळ्यात जास्त छळतं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कशेळ्याच्या पलीकडच्या एका वाडीतल्या मावशी. शुगर होती, गोळी कधी घेत, कधी नाही. लहानपणापासून मशेरीची सवय. गालाच्या आतल्या बाजूला, दाढेपाशी, एक फोड आला. दुखत नव्हता. त्यांनी हळद-तूप लावलं, मग मशेरी दुसऱ्या बाजूने लावायला लागल्या. घरातले म्हणत होते, शुगरवाल्यांच्या जखमा उशिरा भरतात, भरेल. पावसाळा गेला. मी तोंड उघडायला सांगितलं तेव्हा पुरतं उघडेना. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर पांढरट कडा, मध्ये लाल खड्डा, बोट लावल्यावर कडा टणक. गळ्याच्या बाजूला बोराएवढी गाठ. कोणी खोटं बोललेलं नव्हतं, कोणी मुद्दाम टाळाटाळ केलेली नव्हती. शुगरमध्ये जखमा उशिरा भरतात हे खरंच आहे. ते खरं आहे म्हणूनच ते कारण इतकं सहज पटतं, आणि तिथेच घात होतो.

म्हणून पहिली विनंती. तोंडातली जखम, चट्टा किंवा फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो शुगरचा आहे की आणखी कशाचा हे घरात ठरवू नका. डॉक्टरला दाखवा. शुगर वाढलेली निघाली तरी तपास तिथे थांबवू देऊ नका. शुगर आटोक्यात आणायची आणि त्याच वेळी जखमेचा तुकडाही तपासायला द्यायचा. ‘आधी शुगर उतरू दे, मग बघू’ यात महिने जातात. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो ही भीतीही मनातून काढून टाका. तुकडा तपासल्याशिवाय कोणताही डॉक्टर कॅन्सरवर नेमका उपचार सुरू करू शकत नाही.

अशीच गत वजनाची. माणूस झपाट्याने वाळत चालला की आपण म्हणतो, शुगरने खाल्लं. बऱ्याचदा ते बरोबर असतं. पण पन्नाशी उलटलेल्या, घराण्यात कुणाला शुगर नसलेल्या, अंगाने बारीक असलेल्या माणसाला अचानक शुगर निघाली, वजन उतरत चाललं, भूक गेली, पाठीत-पोटात दुखतंय, तर पोटाची तपासणी मागून घ्या. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये कधीकधी सगळ्यात आधी शुगरच वाढते. इन्सुलिन तयार होतं ते याच स्वादुपिंडात. घाबरून जाऊ नका. पन्नाशीनंतर नव्याने शुगर निघालेल्या शंभर माणसांत पुढच्या तीन वर्षांत साधारण एकालाच हा कॅन्सर सापडतो. पण त्या एकासाठी वेळेवर विचारलेला प्रश्न फार मोलाचा ठरतो.

आणि बायांनो, पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं तर ते गरमीचं, अशक्तपणाचं किंवा शुगरचं म्हणून सोडून देऊ नका. शुगर असलेल्या बायकांत गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. हा कॅन्सर लवकर हाताशी आला तर बरा होतो, आणि तो लवकर ओळखू यावा म्हणूनच शरीर हे रक्त दाखवत असतं. लाज वाटते म्हणून घरात सांगायचं नसेल, तर उपकेंद्रातल्या सिस्टरला सांगा. आम्ही याच कामासाठी असतो.

आता थोडं शास्त्र, कारण ‘साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो’ असं एक अर्धवट वाक्य मोबाईलवरून गावोगाव फिरतंय आणि त्याने लोकांचं नुकसान होतंय.

सुमारे शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत ओट्टो वारबुर्ग नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिलं की कॅन्सरच्या पेशी साध्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त ग्लुकोज ओढून घेतात. पुढे 1931 साली त्यांना पेशींच्या श्वसनावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. आज परळला किंवा ‘टाटा’च्या खारघरच्या केंद्रात जो पेट स्कॅन काढतात तो याच गोष्टीवर चालतो. किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. ते जिथे जास्त ओढलं जातं ती जागा यंत्रावर उजळून दिसते. रक्तात आधीच साखर जास्त असली तर ती खुणेच्या ग्लुकोजशी झगडते आणि चित्र अंधुक येतं. म्हणून स्कॅनआधी शुगर मोजतात, आणि ती 200च्या वर गेली तर बहुतेक वेळा स्कॅन पुढे ढकलतात. पहाटेच्या लोकलने निघालेला माणूस तसाच परत येतो. भाडं गेलं, दिवस गेला, रजा गेली, आणि पुढची तारीख आणखी लांबची.

साखरेचा परिणाम एवढ्यावर संपत नाही. शुगर वाढलेल्या पुष्कळ लोकांच्या रक्तात आधी बरीच वर्षं इन्सुलिनही जास्त फिरत असतं, कारण शरीर त्याला दाद देत नाही आणि स्वादुपिंड आणखी आणखी ओतत राहतं. इन्सुलिन पेशींना वाढायचा इशारा देणारं रसायन आहे. काही गाठींच्या पेशींवर ते चिकटण्याच्या जागा साध्या पेशींपेक्षा जास्त असतात. त्यात पोटाभोवतीची चरबी अंगात सतत बारीक धग पेटती ठेवते, आणि चढलेली साखर जंतूंशी आणि बिघडलेल्या पेशींशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना मंद करते. अमेरिकेतल्या मधुमेह आणि कॅन्सर या दोन्ही क्षेत्रांतल्या मोठ्या संस्थांनी 2010 साली एकत्र बसून जो अहवाल काढला, त्यात टाइप 2 मधुमेह असलेल्यांत यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका सुमारे दुप्पट, तर मोठं आतडं, स्तन आणि मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका काही अंशी वाढलेला नोंदवला. वय, स्थूलपणा, बसून काम, दारू, तंबाखू ही कारणं दोन्ही आजारांत सामाईक आहेत, म्हणून सगळा दोष एकट्या साखरेच्या माथी मारता येत नाही. पण कॅन्सर झाल्यावर काय होतं, हे त्याहून स्पष्ट आहे. बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी 2008 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात आधीपासून मधुमेह असलेल्या कॅन्सर पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण मधुमेह नसलेल्यांपेक्षा सुमारे 40 टक्के जास्त आढळलं. एवढा फरक आपल्याला परवडणारा नाही, आणि त्यातला काही वाटा तरी आपल्या हातात आहे.

मात्र यातून उलटा अर्थ काढू नका. कॅन्सरला साखर लागते म्हणून पेशंटची भाकरी तोडायची, भात बंद करायचा, नुसत्या कारल्याच्या रसावर आणि काढ्यांवर ठेवायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते पाहवत नाही. तुम्ही खाणं तोडलं म्हणून गाठ उपाशी राहत नाही. पोटात काही गेलं नाही तर यकृत स्वतःच ग्लुकोज तयार करतं, त्यासाठी दंडा-मांड्यांतलं मांस वितळवतं. गाठ आपला वाटा घेतच राहते, वाळतो तो माणूस. वजन उतरलेल्या पेशंटला केमोचा पूर्ण डोस सोसत नाही, डोस कमी करावा लागतो, तारीख पुढे जाते. कॅन्सरच्या पेशंटची शुगर सांभाळायची ती औषधाने आणि जेवणाच्या मांडणीने. उपासाने नव्हे.

जेवणाची मांडणी म्हणजे काय, तेही आपल्या घरातल्या चुलीवरूनच सांगते. आपला हा भाग भाताचा. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून निघालेल्या जाती कोकणभर पेरल्या जातात. भात सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. पण ताटात भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ वरणाचं पाणी असं असेल, तर ते उलटं करा. भात निम्मा, डाळ घट्ट. वाल, मूग, हरभरा भिजवून मोड आणून. अंडं, सुका जवळा, बोंबील, पावसाळ्यात मिळतील त्या रानभाज्या. एखाद्या वेळी तांदळाच्या भाकरीऐवजी नाचणीची. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्यापेक्षा पाच वेळा थोडं थोडं. सरबत, कोल्ड्रिंक आणि ‘ताकद येईल’ म्हणून पाजला जाणारा गोड रस मात्र बंद. पाहुणे आजाऱ्याला भेटायला येताना फळांच्या रसाचे खोके घेऊन येतात. त्याऐवजी डझनभर अंडी आणा, शेंगदाणे आणा.

‘शुगर जाड माणसांना होते’ हा आणखी एक गैरसमज. आमच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर हाडं दिसणाऱ्या माणसांत शुगर निघते. लहानपणी पोट अर्धं राहिलेल्यांत इन्सुलिन पुरेसं तयारच होत नाही असा मधुमेह असतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 साली त्याला पाचवा प्रकार म्हणून वेगळी ओळख दिली. अशा माणसाला ‘तुला कुठली शुगर’ म्हणून कुणी मोजतच नाही. देशभराच्या मोठ्या पाहणीत खेड्यांतल्या शंभर प्रौढांमागे सुमारे 9 जणांना मधुमेह आढळला, आणि साधारण 15 जण त्याच्या उंबरठ्यावर. आपल्या दोन तालुक्यांतली गावं, पाडे डोळ्यांसमोर आणून हा हिशेब करून बघा.

आता ज्यांच्या घरात सध्या कॅन्सरचा उपचार चालू आहे, त्यांच्यासाठी. हे नीट वाचा, वाचता येत नसेल तर मुलांकडून वाचून घ्या.

केमोबरोबर उलट्या थांबवायला आणि सूज उतरवायला डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड देतात. ते जरुरीचं असतं, पण त्याने शुगर चढते. ज्यांना आयुष्यात कधी शुगर नव्हती त्यांनाही चढते. त्यात फसगत अशी की ती चढते मुख्यतः दुपारनंतर आणि संध्याकाळी. सकाळी उपाशीपोटी मोजली तर आकडा चांगला येतो आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून केमोनंतरचे तीन-चार दिवस दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. घरी यंत्र नसेल तर आशाताईंना विचारा, उपकेंद्रात जा, शेजारच्याकडे यंत्र असेल तर पट्टीचे पैसे देऊन मोजून घ्या. घसा सारखा कोरडा पडणं, रात्री चार-चारदा लघवीला उठणं याला ‘केमोचा त्रास’ म्हणून सोडू नका. आकडा कागदावर तारीख-वेळेसह लिहा, आणि तो कागद ‘टाटा’च्या फाईलमध्येच घाला. पुढच्या खेपेला डॉक्टरसमोर तो कागद आधी ठेवा.

निघताना गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत घ्या. औषधाचं नाव आठवत नाही म्हणून ‘ती पांढरी गोळी’ असं सांगणारे पेशंट डॉक्टरांना रोज भेटतात. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, एचबीएवनसी, केली असेल तर तिचा रिपोर्टही घ्या. आपल्याकडे त्याला बरेच जण नुसतं ‘तीन महिन्यांची टेस्ट’ म्हणतात.

आणखी एक धोका खास आपल्या भागाचा. रक्ततपासणीला किंवा स्कॅनला उपाशी बोलावलेलं असतं. कर्जतहून, खोपोलीहून पहाटेची गाडी पकडायची म्हणून माणूस सवयीने शुगरची गोळी घेतो, किंवा इन्सुलिन टोचून घेतो, आणि पोटात काही घालत नाही. दादर येईपर्यंत दरदरून घाम, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी. गर्दीत तो खाली बसला तर दारू प्यायलाय असं समजून लोक बाजूला होतात. म्हणून तारीख घेतानाच विचारा: उपाशी यायचं आहे, तर शुगरची गोळी आणि इन्सुलिन कधी, किती घ्यायचं? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. खिशात साखरेच्या पुड्या ठेवाच. शुगर 70च्या खाली गेली किंवा तशी लक्षणं दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. स्कॅन बुडाला तर बुडू दे, जीव आधी. आणि उलट्या चालू आहेत, खाणं जात नाही, म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करू नका. फोन करून विचारा.

केमो चालू असताना ताप 100.4च्या वर गेला तर रात्र काढू नका. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या, त्यात शुगर चढलेली, अशा शरीरात जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेततो. पायांकडेही लक्ष द्या. काही केमोने हातापायांना मुंग्या येतात, शुगरनेही येतात. दोन्ही एकत्र आल्या की पायाला काटा रुतलेला कळत नाही. लावणीच्या चिखलात, कापणीच्या धसकटांत अनवाणी उतरणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगणं फार गरजेचं आहे. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, तळवे कुणाला तरी दाखवा.

एक शब्द औषधांबद्दल. मेटफॉर्मिन ही शुगरची जुनी, स्वस्त गोळी कॅन्सरही मारते असं ऐकून काही जण शुगर नसताना ती घ्यायला लागलेत. स्तनाच्या कॅन्सरच्या 3,600हून जास्त पेशंटवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल 2022 साली आला. मधुमेह नसलेल्यांना तिचा कॅन्सरवर फायदा झाला नाही. शुगरसाठी डॉक्टरने दिली असेल तर जरूर घ्या, कॅन्सरसाठी म्हणून दुकानातून आणू नका. शुगर आटोक्यात आणली म्हणून गाठ विरघळतही नाही. पण ऑपरेशन वेळेवर होतं, केमोच्या तारखा सांभाळल्या जातात, जखम भरते. एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे.

आपल्या जवळ काय आहे, हेही माहीत असू द्या. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय, कशेळे आणि चौकची ग्रामीण रुग्णालयं, नेरळ, कडाव, मोहिली, लोहोप, वावोशीसारखी प्राथमिक आरोग्य केंद्रं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर, रक्तदाब, तोंड, आणि बायकांची स्तनं व गर्भाशयाचं तोंड तपासायचं, असा सरकारी कार्यक्रम आहे. आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात कंबरेचा घेर, तंबाखूची सवय, तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यानंतरचं रक्त, हे सगळं एकाच कागदावर विचारलेलं असतं. मी वर जे सांगते आहे ते सरकारी कागदाला आधीच कळलेलं आहे. अडतं ते आपल्याकडून. आशाताई दारात आल्या की ‘सगळं ठीक आहे, लिहा’ म्हणून आपण त्यांना वाटेला लावतो. असं करू नका. त्यांना बसायला पाट द्या, खरं सांगा.

साध्या तपासणीने काही होतं का, असं विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांवर वीस वर्षं काम केलं. शिकवलेल्या आरोग्य कार्यकर्त्या ठरावीक काळाने हाताने स्तन तपासत, यंत्र नाही, फोटो नाही. पन्नाशीवरच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. केरळमध्ये तिरुवनंतपुरमला कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, आणि तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. बॅटरी, डोळे आणि शिकवलेली बोटं. एवढं तर आपल्या उपकेंद्रातही आहे.

या टाटा रुग्णालयाचं आपल्या भागाशी जुनं नातं आहे. खोपोलीत टाटांचं वीजघर 1915 साली चालू झालं, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या पाण्यावर. ते उभं करणारे सर दोराबजी टाटा. त्यांच्या पत्नी मेहरबाई 1931 साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, आणि दोराबजींच्या नावच्या ट्रस्टने 1941 साली परळचं रुग्णालय उघडलं. आपल्या घाटाचं पाणी आणि परळची ती इमारत यांच्यात एकाच कुटुंबाचा हात आहे. त्या दारात आपला माणूस उशिरा पोचू नये, एवढंच माझं मागणं आहे. आता तर त्याच संस्थेचं खारघरचं केंद्र आपल्याला आणखी जवळ झालंय, चौक-पनवेलच्या वाटेने. पैशाची भीती वाटत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विचारा. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. शेत गहाण टाकण्याआधी ही चौकशी करा.

आता प्रत्येकाला वेगळं सांगते.

डॉक्टरांनो, तुमच्याकडे शुगरची गोळी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दर खेपेला एकदा तोंड उघडायला सांगा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. औषधाच्या दुकानदारांनो, तोंडाच्या फोडासाठी तिसऱ्यांदा मलमाची ट्यूब मागायला आलेल्या माणसाला ट्यूब देताना रुग्णालयाचा रस्ताही दाखवा. पाताळगंगा, सावरोली, रसायनीच्या कारखान्यांतले आणि कर्जतच्या फार्महाऊस-रिसॉर्टवरचे मालक हो, कंत्राटी कामगारांची वर्षातून एकदा शुगर आणि तोंड तपासून घ्या. तपासणीला गेलेल्याचा दिवस कापू नका. भगतांना हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे लोक आमच्या आधी येतात, तुमच्या शब्दाला मान आहे. न भरणारी जखम दिसली तर तुमचा उपाय करा, पण त्याच दिवशी त्याला उपकेंद्रातही पाठवा. तुम्ही ‘जा’ म्हटलंत तर तो जाईल.

आणि घरातल्या मुला-मुलींनो, आज रात्री जेवणानंतर मोबाईलची बॅटरी लावा. आई-बाबा, आजी-आजोबा, काका, सगळ्यांची तोंडं बघा. आधी चूळ भरून घ्यायला लावा. ओठ उलटे करून आतली बाजू, दोन्ही गाल, जीभ वर करून तिच्या खालची जागा, जीभ बाहेर काढायला लावून दोन्ही कडा, टाळू. पांढरा किंवा लाल चट्टा, खडबडीत जागा, न दुखणारी जखम दिसते का? तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर गुटखा, सुपारी, मशेरीने तोंड आखडायला लागलंय. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पुड्या कुठे मिळतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. ग्रामसभेत त्या टपरीचं नाव घ्या.

भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी मात्र थांबायला वेळ नाही. वाडीवरच्या प्रत्येक तिशीपुढच्या माणसाची शुगर आणि तोंड वसुबारसेच्या आत तपासून व्हायला हवं. सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी उपकेंद्राशी बोलून या आठवड्यातच दिवस ठरवावा, तो संध्याकाळचा ठरवावा, कारण दिवसा सगळे कापणीला असतात. शुगर निघालेल्यांना भट्टीवर पुरतील इतक्या गोळ्या आणि औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी द्यावी. भट्टी कुठल्या तालुक्यात, मुकादमाचा फोन कोणता, हे आशाताईंच्या वहीत लिहून ठेवावं. तोंडात संशयास्पद काही दिसलं, तर त्या माणसाला उचल घेण्याआधी कर्जतला किंवा चौकला न्यावं, आणि त्याची उचल बुडू नये म्हणून मुकादमाशी गावाने बोलावं. दोन दिवस उशिरा पोचला तर भट्टी विझणार नाही.